अँटिव्हायरस : नाही

‘गेटवे सर्व्हरवर अँटिव्हायरस नाही. जोखीम : उच्च.’ सुरक्षा ऑडिटच्या अहवालातली ही ओळ आठवली की आजही माझं डोकं तापतं. कारण त्याच अहवालात काही पानं आधी त्याच मंडळींनी लिहिलं होतं की बाहेरून सगळी पोर्टं तपासली, शाखांच्या व्हीपीएनचं एक सोडलं तर काहीच उघडं सापडलं नाही.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळत होते. इंटरनेटच्या तोंडाशी दोन साधी मशिनं, दोन्हींवर ओपनबीएसडी ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. एक बंद पडलं की दुसरं त्याचा आयपी पत्ता उचलायचं, चालू कनेक्शनं तशीच राहायची, शाखेतल्या कॅशियरला काही कळायचंही नाही. लायसन्सचा खर्च शून्य. फायरवॉलचे सगळे नियम एका छोट्या फाईलमध्ये : आधी सगळं अडवायचं, मग गरजेपुरतं एकेक सोडायचं.

ऑडिटर सर लॅपटॉपवर शीट उघडून बसले. माणूस सभ्य, आवाज चढवणारा नव्हे.

“मॅडम, अँटिव्हायरस कोणता?”

“सर, ह्या मशिनवर कुणाची फाईल येऊन राहतच नाही. इथून फक्त पॅकेटं पुढे जातात.”

“ते बरोबर. पण इथे मी काय लिहू?”

“‘लागू नाही’ लिहा.”

“तो पर्याय शीटमध्ये नाही.”

मग मी समजवायला बसले. म्हटलं, सर, ह्या सिस्टीमची घडणच वेगळी आहे. थिओ डी राट यांनी 1995 मध्ये नेटबीएसडीपासून वेगळं होऊन कॅनडातल्या कॅल्गरीत हे काम सुरू केलं आणि 1996 पासून ही मंडळी सोर्स कोड ओळ न् ओळ तपासताहेत. एक चूक सापडली की तशीच चूक आणखी कुठे आहे, हे सगळ्या कोडमध्ये शोधतात. इथे मेमरीचा जो भाग लिहिता येतो तो चालवता येत नाही, हे 2003 पासून. इथला प्रोग्रॅम सुरू होतानाच कर्नेलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, सांगतो की मला एवढंच करायचं आहे, यापलीकडे काही नाही. उद्या कुणी तो प्रोग्रॅम ताब्यात घेऊन भलतं काही करायला लावलं, तर कर्नेल त्याला जागीच मारतं. याला ‘प्लेज’ म्हणतात, 2016 च्या आवृत्तीपासून आहे. ‘अनव्हेल’ म्हणून दुसरी सोय आहे. तिच्यामुळे प्रोग्रॅमला नेमून दिलेल्या फाईलींपलीकडचं काही दिसतच नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, “सपोर्ट कुठल्या कंपनीचा? लेटरहेडवर पत्र मिळेल का?”

पत्र कोण देणार? कंपनीच नाही. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, शेवटच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षेचे पॅच मिळतात, पॅच लावायला एक कमांड पुरते. हे मी दाखवलं, पॅच लावल्याच्या तारखा दाखवल्या. त्या तारखांसाठीही शीटमध्ये जागा नव्हती.

आमचे व्यवस्थापक साहेब शेवटी म्हणाले, “टाकून द्या ना मॅडम एखादं फुकटातलं. त्यांचंही काम होईल, आपलंही.” क्लॅमएव्ही एका कमांडने बसलं असतं, तो रकानाही हिरवा झाला असता. मी नाही म्हटलं. अँटिव्हायरसला अनोळखी फायली उघडून वाचाव्या लागतात. गुंतागुंतीच्या फायली वाचणाऱ्या कोडमध्येच चुका राहतात, अँटिव्हायरसमध्येही त्या वेळोवेळी सापडल्या आहेत. ज्या मशिनवर बाहेरची फाईलच येत नाही, तिथे असा प्रोग्रॅम नेऊन बसवायचा म्हणजे भिंत पुरेशी भक्कम दिसत नाही म्हणून तिला खिडकी पाडायची. कागद हिरवा दिसावा म्हणून सभासदांच्या ठेवींपुढची सुरक्षा मी माझ्या हाताने कमी करायची? मला ते जमणार नव्हतं.

मग व्हायचं ते झालं. शेरा लागला, संचालक मंडळापुढे विषय गेला, तिथे मला बोलावलंही नाही. तयार फायरवॉलची एक पेटी विकत आली, दरवर्षीच्या नूतनीकरणासकट. पुढच्या ऑडिटमध्ये तिच्या रकान्यात ‘हो’ आलं. त्या पेटीचे पॅच किती उशिरा लागतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. वार्षिक सभेत चहापाण्याच्या खर्चावर प्रश्न विचारणारे सभासद आहेत. ह्या खर्चावर कुणी बोललं नाही, कारण ‘सुरक्षा’ म्हटलं की सगळे गप्प बसतात.

1 जुलै 2024 ला क्वालिस ह्या कंपनीच्या संशोधकांनी, दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला वापरतात त्या ओपनएसएसएचमधली एक गंभीर त्रुटी जाहीर केली. लॉगिनची मुदत संपते त्या नेमक्या क्षणाचा फायदा घेऊन, पासवर्ड नसताना थेट रूट, म्हणजे मशिनचा पूर्ण ताबा, मिळवण्याची वाट. धोका ग्लिबसी ही लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सला. त्याच निवेदनात लिहिलं होतं की ओपनबीएसडीला ही बाधा नाही, कारण त्या क्षणी लॉग लिहिण्याची सुरक्षित पद्धत त्यांनी 2001 मध्येच तयार केली होती. आमच्या नव्या पेटीत आत लिनक्सच होतं. बाहेरून एसएसएच बंद असल्याने आमचं काही बिघडलं नाही, पण विक्रेत्याचा पॅच येईपर्यंत मला चैन नव्हती.

तेव्हा वाटलं, क्वालिसचं निवेदन घेऊन त्या ऑडिटर सरांना गाठावं. पण ओपनएसएसएच लिहिणारी मंडळीही हीच, ओपनबीएसडीची. 2006 मध्ये बुजवलेली हीच चूक 2020 मधल्या एका बदलात परत आली, तीही त्यांच्याच हातून. मूळ इन्स्टॉलेशनमध्ये इतक्या वर्षांत दुरून घुसता येण्याजोग्या फक्त दोनच त्रुटी सापडल्या, असं ते अभिमानाने सांगतात. मीही तो आकडा ऑडिटच्या मीटिंगमध्ये सांगितला होता. पण मूळ इन्स्टॉलेशनमध्ये फारसं काही चालूच नसतं. 2020 च्या जानेवारीत त्यांच्या मेल सर्व्हरमध्ये रूटपर्यंत नेणारी त्रुटी निघाली. तो सर्व्हर मुळात बाहेरचं काही ऐकत नाही, म्हणून आकडा दोनच राहिला. ज्याने तो मेलसाठी उघडा केला असेल, त्याला त्या आकड्याचा काय उपयोग?

आणि त्या दिवशी सरांनी जाता जाता विचारलं होतं, “मॅडम, उद्या तुम्ही नसाल तर हे कोण बघणार?” तेव्हा तो प्रश्न मला टोचला. आता वाटतं, त्या अख्ख्या तपासणीत खरा प्रश्न तेवढा एकच होता. तो शीटमध्ये नव्हता, म्हणून अहवालातही आला नाही.

आज एखादी छोटी संस्था मला विचारते तेव्हा मी लगेच ओपनबीएसडी सुचवत नाही. आधी विचारते, मॅन पेज, म्हणजे सिस्टीमची माहितीपानं, शांतपणे वाचणारी दोन माणसं तुमच्याकडे आहेत का? एक नको, दोन. नसतील तर पेटी घ्या, पण पॅच किती दिवसांत देणार ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. असतील तर बेधडक बसवा, आणि पेटीचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे ओपनबीएसडी फाउंडेशनला पाठवा. 2014 च्या सुरुवातीला ह्या प्रकल्पाला सर्व्हरचं वर्षाचं वीजबिल, वीस हजार डॉलर, भरण्यासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले होते. तेव्हाही जगभरच्या कंपन्या रोज त्यांच्याच एसएसएचने आपापल्या सर्व्हरवर शिरत होत्या. याचा मला त्या शेऱ्यापेक्षाही जास्त राग येतो.