देवसेनेचा ‘बाहुबली’

28 एप्रिल 2017 ला ‘बाहुबली’चा दुसरा भाग आला आणि त्याच आठवड्यात आम्ही मायलेकी मानपाड्याहून विवियाना मॉलला तो बघायला गेलो. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न पहिला भाग आला तेव्हापासून, म्हणजे जुलै 2015 पासून, आमच्या सोसायटीतल्या पोराटोरांच्याही तोंडी होता.

मला मात्र उत्तरापेक्षा देवसेनाच जास्त भावली. पहिल्या भागात ती साखळदंडात जखडलेली, चितेसाठी काटक्या गोळा करणारी बाई. इथे ती कुंतलची राजकन्या म्हणून समोर येते आणि प्रेमकथा तिच्या तोलामोलाची होते. रात्रीच्या हल्ल्यात अमरेंद्र बाहुबली तिला एकदम तीन बाण कसे सोडायचे ते लढता लढता शिकवतो. दोघं एकमेकांच्या अंगाने वळतात, वाकतात, बाण सुटत राहतात. लाडिक संवाद एकही नाही, तरी दोघांचं जमलं हे कळतं. पुढे भर दरबारात, बायकांच्या अंगाला हात लावणाऱ्या सेनापतीची बोटं छाटली म्हणून तिच्यावर आरोप होतो. बोटं नव्हे, मानच उडवायला हवी होती, असं म्हणून बाहुबली ती उडवतो. थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. बाहुबली झालेल्या प्रभासला हिंदीत आवाज शरद केळकरांचा, ‘लय भारी’तल्या संग्रामचा. त्या आवाजाचं वजन या प्रसंगात जाणवतं.

अमरेंद्र गेला आणि सिनेमा घाईला आला. त्याच्या मुलाची, महेंद्रची, नीट ओळख होण्याआधीच लढाई सुरू. ताडाची झाडं वाकवून सैनिक तटापलीकडे भिरकावले जातात, तिथे माझं लक्षच उडालं. अद्भुताचं मला वावडं नाही. देवसेना-अमरेंद्रची नौका ढगांतून चालली तेव्हा मी हरखूनच गेले होते, कारण त्या दोघांचं मनही तसंच तरंगत होतं. ताडांमागे कुणाचं मन नाही. आणि अवंतिका! पहिल्या भागात जिच्या ओढीने शिवा, म्हणजे हाच महेंद्र, धबधबा चढून आला, ती शेवटच्या गर्दीत दिसते न दिसते.

“आई, बापाला एवढा जीव लावल्यावर मुलाला कुठून लावणार?” परतताना रिक्षात लेक म्हणाली. नेमकं दुखणं तेच. सगळा जीव भूतकाळात, आणि शेवट मात्र वर्तमानात करायचा.

31 ऑक्टोबर 2025 ला दिग्दर्शक राजामौलींनी दोन्ही भाग जोडून पावणेचार तासांचा ‘बाहुबली: द एपिक’ आणला. त्यात अवंतिका-शिवाची प्रेमकथा कापली. ते मला पटलं, कारण दुसऱ्या भागाने तिला तसंही वाऱ्यावर सोडलं होतं. पण कान्ह्याला झोपवतानाचं देवसेनेचं गाणंही गेलं, याचं फार वाईट वाटलं. तलवार, धनुष्य बाजूला ठेवलेली देवसेना तिथे भेटायची, आणि वेडगळाचं सोंग घेतलेला बाहुबली तिच्यात का गुंतला ते कळायचं. शेवटच्या लढाईला आणखी थोडी कात्री लावली असती, तर ते गाणं सहज मावलं असतं.