मागणं आणि मांडणं

रविवार, रात्री साडेदहा.

आमच्या शाळेसाठी सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधीचा प्रस्ताव आज तिसऱ्यांदा लिहिला. पहिल्यात नुसती गाऱ्हाणी होती. तो परत आला. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. पण ते आमच्याच शाळेला का, हे सांगायचं काम आमचं.

या वेळी फक्त वाचनालय मागितलं. किती मुलं, कोणती पुस्तकं, तीन दरपत्रकं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, वर्षअखेर वाचन कसं तपासणार, सगळं जोडलं. निधी संपल्यावर कपाटाची किल्ली कुणाकडे, हेही लिहिलं.

पैसे मिळोत, न मिळोत; शाळेला नेमकं काय हवंय, ते आज मलाच पहिल्यांदा कळलं.