एक ओळ

2004 च्या पावसाळ्यात मी बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीत होतो. फोनच्या बिलांचा हिशेब करणारा आमचा प्रोग्राम चार वर्षं विनातक्रार चालत होता. त्याचा गाभा मीच लिहिलेला. ग्राहकाने सर्व्हरवर नवं लिनक्स टाकलं आणि महिनाअखेरीच्या रात्री प्रोग्राम क्रॅश होऊ लागला. दिवसा, कमी काम असताना ठीक. डीबगर लावला की आणखीच शहाण्यासारखा वागे. माझ्या मशीनवर जुनंच लिनक्स होतं. तिथे तो एकदाही पडला नाही.

प्रोग्राम एका वेळी आठ कामं करायचा, प्रत्येक कामाला एक थ्रेड. जुन्या लिनक्सवर थ्रेड सांभाळायला झाव्हिये लेरुआ यांची लिनक्सथ्रेड्स ही लायब्ररी होती. तिच्यात प्रत्येक थ्रेड म्हणजे जवळजवळ वेगळी प्रोसेसच, म्हणून प्रत्येकाचा प्रोसेस क्रमांकही वेगळा. पॉझिक्सच्या नियमाने हे चूक. एका प्रोसेसमधल्या सगळ्या थ्रेडना एकच क्रमांक दिसायला हवा. उलरिख ड्रेपर आणि इंगो मोलनार यांच्या एनपीटीएलने ते सुधारलं आणि 2003 मध्ये रेड हॅट लिनक्स 9 बरोबर ती लोकांच्या मशीनवर आली.

वाचता वाचता मला पळवाट सापडली. प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘एलडी अझ्यूम कर्नल’ या व्हेरिएबलला 2.4.1 ही किंमत दिली की जुनी लायब्ररी वापरली जाते. एक ओळ लिहिली. त्या रात्री सगळी बिलं निघाली. सकाळी शाबासकी मिळाली.

दुपारी टीममधली नवी मुलगी माझ्याकडे आली. नव्या लायब्ररीवर तिने प्रत्येक थ्रेडचा क्रमांक लॉगमध्ये छापून घेतला होता. थ्रेड आठ, क्रमांक एकच. आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक थ्रेडला मेमरीचा तुकडा त्या क्रमांकावरूनच मिळत होता. म्हणजे आता आठ जण एकाच तुकड्यावर. एक लिहीत असताना दुसरा तो परत करून मोकळा.

“लायब्ररी बरोबर आहे,” ती म्हणाली. “चूक आपल्या कोडमध्ये आहे.”

आपल्या म्हणजे माझ्या. ती सौजन्याने बोलली होती.

“चालतंय ना? मग हात लावू नकोस,” मी म्हणालो. अहवालात लिहिलं : नव्या लायब्ररीशी विसंगती. तिने सगळं तपशीलवार ईमेलने पाठवलं. मी उत्तर दिलं नाही. वर्षभरात ती दुसरीकडे गेली.

2006 मध्ये ग्लिबसीच्या 2.4 आवृत्तीतून लिनक्सथ्रेड्स गेलं. पुढच्या वर्षी ग्राहकाने पुन्हा लिनक्स बदललं. आता प्रोग्राम सुरूच होईना. सी लायब्ररीची फाइल सापडत नाही, असा संदेश. फाइल तर जागेवर होती. दोन तास मी तिच्याच मागे होतो. मग लक्षात आलं, त्या स्क्रिप्टमध्ये फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञाही चालत नाही, बाहेर चालते. स्क्रिप्ट वरपासून वाचली. माझी ओळ तिथेच होती, आता अस्तित्वात नसलेली लायब्ररी मागत. ती खोडली. प्रोग्राम सुरू झाला आणि रात्री जुन्याच जागी कोसळला.

तिचा ईमेल शोधून काढला. काय बदलायचं ते त्यात क्रमाने लिहिलेलं होतं : क्रमांकावर विसंबू नका, प्रत्येक थ्रेडला त्याची स्वतःची जागा द्या. मला नऊ दिवस लागले. नव्या अहवालात लिहिलं की चूक माझी होती, 2000 पासूनची. ती 2004 मध्ये हिने शोधली होती आणि मी दडपली होती. त्याची प्रत तिला पाठवली, माफीसह.

संध्याकाळी उत्तर आलं. माफीबद्दल त्यात काहीच नव्हतं. “महिनाअखेरीच्या भारावर चालवून बघितलंत का?”

बघितलं नव्हतं. त्या रात्री ऑफिसातच थांबलो.