फॉरमॅट मारण्यापूर्वी

फुलंब्रीच्या बाजारपेठेत संगणक दुरुस्तीला नेला की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा. सल्ला बहुधा चुकीचाही नसतो. यंत्र मंदावले, निळा पडदा येऊ लागला, वारंवार वीज जाऊन आतील फायली बिघडल्या, तर कार्यप्रणाली नव्याने बसवणे हाच उपाय उरतो. विंडोज सातची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज दहाची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यामुळे जुनी यंत्रे वापरणाऱ्या प्रत्येकापुढे आज ना उद्या हा प्रसंग येणारच आहे. परंतु घर पाडणाऱ्याने आत कोणाचे काय ठेवले आहे हे विचारावे, असा नियम या व्यवसायात अजून रुजलेला नाही.

आपल्या शाळेतून दहावी होऊन मी बाहेर पडलो आणि पुढे याच गावात संगणक-दुरुस्तीच्या कामात स्थिरावलो. या स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा कार्यालयातील जुना संगणक सुरूच होईना. भन्तेंनी मला बोलावून घेतले. त्या यंत्रात जुन्या तुकड्यांच्या याद्या होत्या, पालक-भेटीच्या दिवसांची छायाचित्रे होती आणि आता हयात नसलेल्या आपल्या एका गुरुजींनी स्वतः टंकित केलेल्या शाळेच्या आठवणी होत्या. भन्ते म्हणाले, “यंत्र गेलं तर जाऊ द्या. त्यातली मुलं तेवढी बाहेर काढा.”

त्याच सुमारास पुण्यात परिचारिका असलेल्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. तिची आई ऊसतोडीला जात असे. वर्षातून एकदा, पालक-भेटीला, मुलीला पाहायला येई. आई वारली. घरात तिचे एकही छायाचित्र नाही. “दादा, शाळेत त्या दिवशी फोटो काढले होते, त्यात आई असेल,” एवढेच ती म्हणाली.

आता थोडे तांत्रिक. पुष्कळांची समजूत अशी की महत्त्वाचे सारे ‘डी ड्राइव्ह’मध्ये असते आणि फॉरमॅट ‘सी’चे होते, म्हणजे चिंता नाही. प्रत्यक्षात आपण डेस्कटॉपवर, ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, ‘डाउनलोड्स’मध्ये जे ठेवतो ते सर्वसाधारणपणे सी ड्राइव्हवरच असते. शिवाय सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्कच गेली तर दोन्ही जातात. म्हणून मी त्या यंत्रात नवे काही बसवायला गेलोच नाही. डिस्क बाहेर काढली, केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ती केवळ वाचण्यापुरती उघडली, म्हणजे तिच्यावर एक अक्षरही नव्याने लिहिले जाणार नाही. लॅपटॉपच घेतला, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. एक प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर. दोन्हींतील फायलींची संख्या आणि आकारमान ताडून पाहिले, मग काही फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. हे शेवटचे काम लोक टाळतात. प्रत झाली आणि प्रत उघडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छायाचित्रे सापडली, डेस्कटॉपवर, ‘न्यू फोल्डर ३’ अशा नावाखाली. लिंबाच्या झाडाखाली डबा सोडून बसलेल्या मायलेकी. मी ते छायाचित्र त्याच रात्री पाठवले. उत्तर सकाळी आले, एका शब्दाचे.

गुरुजींची फाईलही उघडली; मात्र तिच्यात मराठी नव्हते. ओळीमागून ओळ निरर्थक इंग्रजी अक्षरे. ही अडचण आपल्या भाषेची आहे आणि परदेशी मार्गदर्शिकांत ती सहसा सापडत नाही. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे आयएसएम यांवर टंकन करीत होतो. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘भारत’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर एच, के, के, जे, आर असा दिसतो. फॉन्ट असतो विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, म्हणजे फॉरमॅटमध्ये पुसला जाणाऱ्या भागात. फाईल वाचते, फॉन्ट जातो आणि माणूस समजतो की मजकूर नष्ट झाला. विंडोजमधील ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्यायदेखील वेगळ्याने बसवलेले फॉन्ट आणि प्रोग्रॅम राखील असे गृहीत धरू नये. सुदैवाने जुन्या डिस्कवरील फॉन्टचे फोल्डर शाबूत होते. फॉन्ट नव्या यंत्रात बसवला आणि गुरुजींचा मजकूर पडद्यावर उभा राहिला.

पण दरवेळी त्या फॉन्टवर विसंबून चालणार नव्हते. म्हणून सारा मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणला. रूपांतरक अडखळतो तो तीन ठिकाणी: पहिली वेलांटी, जोडाक्षर आणि रफार. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. ‘सिद्धार्थ’ या एकाच नावात या तिन्ही अडचणी एकवटल्या आहेत, आणि आपल्या हजेरीपटात सिद्धार्थ काय कमी आहेत! प्रत्येकाची वेलांटी कुठेतरी भलतीकडे गेली होती. नववीच्या मुलांनी दोन रविवार बसून ही नावे मूळ पटाशी ताडून दुरुस्त केली.

नवी कार्यप्रणाली नव्या डिस्कवर बसवली. जुनी डिस्क पुसली नाही. कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. नवे लॅपटॉप वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी, ती नसेल तर बाहेर काढलेली डिस्क माझ्यासारख्यालाही उघडता येत नाही.

याद्यांचे काम अद्याप पुरे झालेले नाही. ज्या पानांवर मूळ पटाची शाई उडाली आहे, तिथे ताडून पाहायला काही नाही. ती पाने छापून कार्यालयात ठेवली आहेत. जुन्या तुकड्यांतील जे कोणी मेळाव्याला येतील, त्यांनी आपले आणि शेजारी झोपणाऱ्या सोबत्याचे नाव तेवढे पाहून जावे. पेन्सिल तिथेच आहे.