खणातील फोन

आमच्या मेजाच्या डाव्या खणात एक जुना मोबाइल फोन दीड वर्ष पडून होता. काचेला आडवा तडा गेलेला. पुतण्याने नवा आणून दिल्यापासून त्याच्याकडे पाहण्याचा प्रसंग आला नव्हता. शेजारी तुटलेल्या जपमाळांचे मणी, किल्ली नसलेले कुलूप आणि कुलूप नसलेल्या किल्ल्या असा परिवार होता. हा खण आवरण्याचा संकल्प आम्ही प्रत्येक उपवासकाळात करतो. २०२३ साली तो कसाबसा पाळला.

चर्चमध्ये जुने झालेले सहसा टाकून दिले जात नाही. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या वर्षभर जपून ठेवतात, मग त्या जाळून त्यांचीच राख राखेच्या बुधवारी कपाळी लावतात. जीर्ण झालेली पवित्र वस्त्रे अग्नीला किंवा मातीला देतात. हा फोन काही आशीर्वादित नव्हता (आमच्या धर्मग्रामात स्कूटरी आशीर्वादित होतात, फोनवर अद्याप कोणी तीर्थ मागितलेले नाही). तरी त्याचे काय करावे, हा प्रश्न उरलाच. तो जाळावा तर आतली बॅटरी भडकते. पुरावा तर तिच्यातील विषारी द्रव्ये मातीत उतरतात, आणि आमची विहीर तेथून दहा पावलांवर आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात वापरा आणि फेका या वृत्तीवर कोरडे ओढले, तेव्हा आम्ही त्यावर लागोपाठ तीन रविवार प्रवचने दिली होती. खण तेव्हाही भरलेलाच होता.

तरुण मंडळींनी सल्ले दिले. एकजण म्हणाला, दानपेटीसमोर कॅमेरा म्हणून लावा. आमच्या दानपेटीची अवस्था पाहता चोराचीच कीव यावी. गायकवृंदाच्या प्रमुखांना जुन्या गीतपुस्तकाची बारीक अक्षरे मोठी करून पाहण्यासाठी तो हवा होता. आमच्या मनात मात्र बाई होत्या.

बाईंनी चर्चच्या शाळेत तीस वर्षे मुले शिकवली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पुढे मुलांनी वाडी विकली आणि कुटुंब रेल्वेच्या पूर्वेस नवव्या मजल्यावर राहावयास गेले. पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देतो. त्यांना रोजची सुवार्ता आणि आमची प्रवचने या फोनवर ऐकता येतील, असे आम्ही ठरवले.

परंतु धर्मगुरूचा फोन दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते. पापनिवेदन फोनवर होत नाही, हे खरे. तथापि माणसे दुःख लिहून पाठवतात. कोणा घरचे व्यसन, कोणाची न ठरलेली सोयरीक, कोणाचे कर्ज. नुसते संदेश पुसल्याने ते खात्रीने नाहीसे होत नाहीत. खाते काढून सारा फोन मूळ स्थितीत न्यावा लागतो. त्याआधी आम्ही एकदा सारे वाचून पाहिले. एके रात्री अडीच वाजता एका तरुणाने लिहिले होते, ‘फादर, जागे आहात?’ त्याखाली आमचे उत्तर होते, सकाळी सातचे. तो तरुण आज आखातात नोकरीस आहे, सुखरूप आहे. त्या साडेचार तासांत काय झाले हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पुसण्याच्या खुणेवर बोट ठेवून आम्ही बराच वेळ बसून होतो.

मग चार संध्याकाळी खपून सुवार्ता ध्वनिमुद्रित केली, वर सहा प्रवचने. पुढल्या पहिल्या शुक्रवारी बाई संकोचाने म्हणाल्या, “फादर, प्रवचन चांगलं आहे. पण सुवार्ता मला पाठ आहे. इथे घंटा ऐकू येत नाही. डोळ्यांना उजेड नाही, कानांना घंटा नाही. दिवस कुठे सुरू झाला, कुठे संपला, कळत नाही.”

आम्ही ओशाळलो. आंजेलूसची घंटा आम्ही सेमिनरीत अभ्यासली होती. दुपारची घंटा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी १४५६ साली सुरू केली, हेही ठाऊक होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर येथल्या घंटा देवळांत गेल्या, आणि त्यांतली एक भीमाशंकरी आजही आहे, हे तर आम्ही पाहुण्यांना हौसेने सांगतो. पण नवव्या मजल्यावर घंटा पोहोचत नाही, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोन घेऊन घंटाघराखाली उभे राहिलो. पहिल्या खेपेस रिक्षाचा भोंगा आला, दुसऱ्या खेपेस वारा. तिसऱ्या खेपेस सारे जमले: तीन, तीन, तीन आणि मग नऊ. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यांच्या मध्ये आमचे साक्रिस्तान खोकले. वय एकाहत्तर, बाईंचेच विद्यार्थी. आम्ही आणखी एकदा म्हटले, तेव्हा ते दोर सोडून म्हणाले, “फादर, हात भरून आला. एवढं राहू द्या.”

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सात असे तीन गजर लावले. सिमकार्ड काढून फोन फ्लाइट मोडवर ठेवल्यामुळे जुनी बॅटरीही दोन-तीन दिवस निघते. तो सतत चार्जरला जोडून ठेवू नये, बॅटरी फुगल्यास तिला टोचू-दाबू नये, हे सूनबाईंना सांगून ठेवले आहे. तेव्हा तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे जाईल. कचराकुंडीत जाणार नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात साक्रिस्तान देवाघरी गेले. चर्चची घंटा आता विजेच्या यंत्रावर वाजते, ठोके अगदी नेमके पडतात. बाईंना ते गेल्याचे आम्हीच कळवले होते. त्यानंतरच्या एका पहिल्या शुक्रवारी आम्हांस उशीर झाला आणि बारा वाजता आम्ही त्यांच्या खाटेजवळ होतो. उशाशी घंटा सुरू झाली. दुसऱ्या ठोक्यांनंतर तो खोकला आला.

“औषध घेत नाही मेला,” बाई म्हणाल्या, आणि क्रुसाची खूण करून त्यांनी प्रार्थना सुरू केली. आम्ही उत्तरे दिली.