प्रतिपक्षाचे ऋण

मित्र पारखून घ्यावा, असे नीतिकार सांगतात; परंतु प्रतिस्पर्धीही तितकाच पारखून घ्यावा, असे सांगणारा नीतिकार आमच्या तरी पाहण्यात नाही. मित्र आपले दोष झाकतो, शत्रू ते चव्हाट्यावर मांडतो. प्रतिस्पर्धी मात्र ते नेमके हेरतो आणि सुधारण्यावाचून आपणांस गत्यंतर ठेवीत नाही. असा प्रतिस्पर्धी लाभणे हे भाग्याचे लक्षण आहे, ही गोष्ट आम्हांस ग्रंथांनी शिकविली नाही. ती शिकविली धाराशिवच्या खो-खोच्या मैदानाने.

आमचा जिल्हा बालाघाटच्या पठारावरचा. पावसाशी त्याचे सख्य बेताचेच. बाहेरच्या माणसास तो ठाऊक असतो तो तुळजाभवानीमुळे, तेरच्या गोरोबाकाकांमुळे, फार तर नळदुर्गच्या किल्ल्यामुळे. परंतु खो-खोच्या जगात या जिल्ह्याचे नाव आता पुण्या-ठाण्याच्या पंक्तीस बसले आहे. यात नवल नाही. दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि पाणी मारून दाबलेली जमीन एवढ्या भांडवलावर उभा राहणारा हा खेळ. जिथे पैशाचा दुष्काळ आणि पायांत वारा, तिथे तो रुजावयाचाच.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळास नियमांची चौकट दिली, आणि 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने देशी खेळांबरोबर तोही परदेशी प्रेक्षकांस दाखविला. पण इतिहासापेक्षा आम्हांस त्याच्या नियमांतील तत्त्वज्ञान अधिक मोहविते. आठ जणी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात. नववी पाठलाग करते. पळणारीला दोघींच्या मधून आरपार निसटण्याची मोकळीक. पाठलाग करणारीला ती नाही. तिने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळावयाचे नाही आणि मधली पाटी ओलांडावयाची नाही. पळणारी पलीकडे सटकली की तिच्या हाती एकच उपाय उरतो: बसलेल्या सखीस पाठीमागून ‘खो’ द्यावयाचा आणि आपण तिच्या जागी मुकाट्याने बसावयाचे. हाती आलेला पाठलाग दुसरीच्या स्वाधीन करणे हीच ज्या खेळातील मुख्य करामत, त्यात अहंकारास बसावयास जागा कोठून मिळणार?

आणि हा खेळ एकट्याने शिकता येत नाही. हूल द्यावयाची तर हूल खाणारी समोर हवी; तीही सहसा न फसणारी हवी. आमच्या गावात मुलींचे दोन संघ आहेत. सकाळी आमच्या वर्गात त्यांतल्या काही जणी एकाच बाकावर बसतात आणि सायंकाळी एकमेकींच्या जिवावर उठल्यासारख्या धावतात. एका वर्षी एका संघाने खांबावर सूर मारून गडी टिपण्याची कला साधली. महिनाभर दुसऱ्या संघाची दाणादाण उडाली. पुढच्या महिन्यात त्या संघाच्या मुली खांबापाशी अशा काही बेताने वळू लागल्या की सूर मारणारीच्या हाती धूळ तेवढी येई. मग पहिलीने आणखी काही काढले. कोणी कोणास शिकविले, हे सांगणे कठीण; पण वर्षाअखेर दोन्ही संघ सुधारले, एवढे मात्र खरे.

स्कॉटलंडात गोठलेल्या तळ्यांवर दगड सरकविण्याचा कर्लिंग नावाचा एक खेळ खेळत आले आहेत. आम्हां पठारवासीयांस बर्फ भेटतो तो सरबताच्या गाडीवर. तरी त्या खेळातील दोन चाली आम्हांस परक्या वाटल्या नाहीत. सरकत्या दगडास आपला झाडू चुकून लागला, तर खेळाडूने ते आपण होऊन सांगावयाचे. आणि सामना संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांस पेय पाजावयाचे. आमच्या सरावाच्या सामन्यांस पंच क्वचितच असतो. तेव्हा ‘लागला हात’ म्हणून आपण होऊन रेषेबाहेर जाणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत, आणि फुटलेल्या गुडघ्यास प्रतिपक्षाच्या पिशवीतले मलम लागतानाही.

याच मैदानी परंपरेतून सारिका काळे पुढे आल्या. ओढगस्तीच्या दिवसांत घरी दिवसातून एकदाच जेवण मिळे, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या, आणि 2020 साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या यशाने गावातील कित्येक आयांच्या मनातील ‘पोरीच्या जातीला खेळ कशाला’ हा प्रश्न निम्मा विरघळला. निम्मा अद्याप आहे.

त्या उरलेल्या निम्म्याचा प्रत्यय आम्हांस एकदा आला. आमच्या एका विद्यार्थिनीचा खेळ परीक्षेचे वर्ष म्हणून वडिलांनी बंद केला. चपळ मुलगी, तिच्या संघाचा ती कणाच होती. तिच्या सोबतिणींनी विनवण्या केल्या, त्या व्यर्थ गेल्या. मग एका सायंकाळी प्रतिपक्षाच्या चार मुली तिच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांतील धीट मुलगी म्हणाली, “काका, ही आली नाही तर आम्ही जिंकू, पण मग त्या जिंकण्याला काय अर्थ? अभ्यास आम्ही सगळ्या मिळून करू, पण हिला पाठवा.” वडील आमच्या परिचयाचे. आम्हांस हे सांगताना ते हसत होते, पण आवाज जरा घोगरा झाला होता. मुलगी मैदानावर परतली. परीक्षेत ती पहिली आली नाही. उत्तीर्ण झाली, आणि त्या चौघीही झाल्या.

आम्ही सुशिक्षित मंडळी घरोघरी जी स्पर्धा चालवितो, तीत असे कोणी कोणाच्या दारात जाते काय? शेजारच्या मुलास दोन गुण अधिक मिळाले की आपल्या घरी जेवणाचे ताट कडू होते. त्याच्या वह्या मागण्याची लाज वाटते, आपल्या देण्याचे जिवावर येते. पहिल्या जागेवर एकासच बसता येते, हे आम्ही मुलांच्या मनावर इतके बिंबविले आहे की दुसऱ्याच्या पायांनी आपला वेग वाढतो, हे त्यांस उमगतच नाही.

मैदानावर ते उमगते, आणि त्याची फळे दूरवर दिसतात. राज्य स्पर्धेत पुणे, ठाणे आणि धाराशिव हे जिल्हे एकमेकांस तसूभर जागा देत नाहीत. परंतु जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा पुण्याच्या प्रियांका इंगळे कर्णधार होत्या, आणि ठाण्याच्या रेश्मा राठोड व धाराशिवच्या अश्विनी शिंदे त्याच संघात होत्या. अंतिम सामन्यात भारताने नेपाळवर 78-40 असा विजय मिळविला. ज्या पायांना चकविण्यात वर्षे गेली, त्याच पायांवर आता भरवसा ठेवावयाचा होता. आणि तो ठेवणे सोपे गेले असावे, कारण त्या पायांची ताकद प्रतिस्पर्ध्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असते?

आमच्या मुलांस शत्रू नसावेत, असे आपण देवापाशी नित्य मागतो. ते मागणे रास्तच आहे. त्याबरोबर एखादा चांगला प्रतिस्पर्धीही त्यांस मिळावा, एवढे मागणे जोडण्यास हरकत नसावी.