टोमण्यांचे इंग्रजी शब्द शिकताना

आमचं होटगी सोलापूरपासून पंधराएक किलोमीटरवर. विजयपूर-गदगकडे जाणारी रेल्वे इथूनच फुटते, आणि गावात मराठीइतकीच कन्नड ऐकू येते. आमच्या घरी कन्नड, शाळा मराठी. इंग्रजी आलं ते पुस्तकातून, कानावर फारसं पडलंच नाही.

धाकटी बहीण बँकेच्या क्लार्क परीक्षेसाठी सोलापूरला क्लासला जायची. एकदा तिथे समानार्थी शब्द चालले होते. सरांनी तिला फळ्यावरचे शब्द मोठ्याने वाचायला लावले. जी-आय-बी-ई हा शब्द तिने ‘गाइब’ असा वाचला. मागून कोणीतरी ‘गायब’ म्हणालं आणि वर्ग हसला. मग जिन्यात, रिक्षात, सगळीकडे तिचं तेच नाव पडलं.

घरी ती काही बोलली नाही. पोट दुखतंय, आज टेस्ट नाही, अशी कारणं सुरू झाली. फीचा पुढचा हप्ता भरायची वेळ आली तेव्हा ‘अक्का, भरू नकोस’ म्हणाली आणि रडायला लागली. तेव्हा सगळं कळलं. मला त्या पोरांचा फार राग आला. गिव्हमध्ये ‘ग’ आणि जिंजरमध्ये ‘ज’. नुसत्या अक्षरांवरून कोणाला कसं कळावं?

मी सरांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढे नवा शब्द आधी ते स्वतः म्हणायचे, मग सगळा वर्ग एकदम. एकट्याला उभं करणं बंद केलं. हसणं बरंच थांबलं. एकदोघं अजून त्या नावाने हाक मारतात, ती वळून बघत नाही.

घरी आम्ही मोबाइलवर ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडला. स्पीकरच्या चिन्हावर दाबलं की उच्चार ऐकू येतो, ब्रिटिश वेगळा, अमेरिकन वेगळा. ऐकायचं, म्हणायचं, मग वहीत देवनागरीत लिहायचं. पहिला शब्द लिहिला ‘जाइब’, म्हणजे टोमणा. जे-आय-बी-ई असं स्पेलिंग असलं तरी उच्चार आणि अर्थ तोच. पण या दुसऱ्या स्पेलिंगचा अमेरिकेत ‘जुळणे’ असाही अर्थ होतो, त्यामुळे आधी पूर्ण वाक्य वाचावं लागतं.

देवनागरीत लिहूनही घोटाळा होतो. मराठीत ‘च’ दोन, एक चहातला, एक चमच्यातला. ‘चाइड’ आणि ‘रिप्रोच’मध्ये चहातला च. कन्नडमुळे बहिणीच्या तोंडात तोच बसलेला. शाळेत तिच्या ‘चमचा’ म्हणण्यावर मुलं हसायची, इथे तिला काही बदलावं लागलं नाही. ‘सेन्शर’मध्ये श आहे, सिनेमाला कात्री लावणारं ‘सेन्सर’ वेगळं. ‘डिरिजन’ म्हणजे खिल्ली. त्याचा शेवट टेलिव्हिजनच्या शेवटासारखा म्हणायचा.

अर्थ पाठ होईनात. सगळ्यांपुढे ‘निंदा’ लिहून काय उपयोग? मग कोण कोणाला बोलतंय ते धरून लिहिलं. उशीर झाला म्हणून आई रागे भरते, ते चाइड. साहेब कडक शब्दांत खडसावतो, ते रिब्यूक. सभागृह ठपका ठेवतं, ते सेन्शर. जवळचं माणूस मन दुखावून बोल लावतं, ते रिप्रोच. आणि ‘बियॉन्ड रिप्रोच’ म्हणजे बोल लावायला जागाच नाही. मैदानात लोक हुर्यो उडवतात, ते जीअर. मुद्दाम डिवचणं म्हणजे टॉन्ट. एखाद्याचं म्हणणं हसून उडवून लावणं म्हणजे स्कॉफ. वर्गात तिच्याशी झालं ते यातलं कोणतं, हे तिने मला न अडखळता सांगितलं. त्या दिवशी मला बरं वाटलं.

गाळलेल्या जागांसाठी एवढं लक्षात ठेवा. स्कॉफनंतर ‘ॲट’ लागतो. टॉन्ट आणि रिब्यूकनंतर थेट माणूस येतो, कारण सांगायचं तर पुढे ‘फॉर’. आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणून अंदाजाने खूण करू नका.

पूर्व परीक्षा ती पास झाली. मुख्य परीक्षेचा निकाल यायचा आहे. क्लास चालू आहे. गाडी चुकली तर बसने जाते.